करड्या डब्याचा हेवा

मित्रांनो, लाउडस्पीकर तुम्ही रोज ऐकता. माईकही तुमच्यापैकी कितीतरी जणांनी शाळेत हातात धरला असेल. त्या दोघांच्या मधे बसणाऱ्याला मात्र कोणी ओळखत नाही. मी तो मधला. मी एक जुना प्रीॲम्प आहे. माणूस माईकपुढे गातो तेव्हा तारेतून निघणारा आवाज मुंगीएवढा असतो. पुढच्या यंत्राला तो आहे तसा दिला, तर ते त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्या मुंगीला कोणीतरी आधी उचलून मोठं करावं लागतं, आणि तेही तिचा पाय न मोडता. माझं काम तेवढंच. आयुष्यभर मी एकाच बाईचा आवाज असा उचलला. तो आवाज दुसऱ्याकडे गेला तेव्हा माझं काय झालं, ते आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म जुन्या जालन्यात, चांदपाशांच्या दुकानात झाला. चांदपाशांची साउंड सर्व्हिस होती. लग्न असो, उरूस असो, कुणाची सभा असो, त्यांचे भोंगे आणि ॲम्प्लिफायर टेम्पोत चढून भोकरदनपासून अंबडपर्यंत जायचे. त्यांचं लग्न हसनाबादच्या शकीलाबींशी झालं. शकीलाबी माहेराहून गाण्यांचं गाठोडं घेऊन आल्या होत्या. जात्यावरची गाणी, हळद-मेंदीची गाणी, विहीणबाईला चिडवायची खट्याळ गाणी, सगळी त्यांच्या आईकडून आलेली आणि सगळी तोंडपाठ. गळा गोड होता, पण फार हळुवार. मंडपातल्या ॲम्प्लिफायरला भाषणाची सवय. शकीलाबींचा आवाज त्याच्यात गेला की खरखरीत बुडून जायचा.

म्हणून चांदपाशांनी मला घडवलं. ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून माझं अंग केलं. माझ्या पोटातली तांब्याची तार त्यांनी स्वतः गुंडाळली. आवाज किती उचलायचा ते ठरवणारं बटण एका बिघडलेल्या रेडिओचं बसवलं. जोडणी जमेना तेव्हा मला पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं, आणि असं किती वेळा केलं ते मला आता आठवत नाही. पण शकीलाबींनी पहिल्यांदा माझ्यातून आवाज सोडला तेव्हा चांदपाशा हातातली कात्री खाली ठेवायचंही विसरले, ते आठवतं.

मग आमचे चांगले दिवस आले. बायकांची बैठक पडद्याआड असायची. शकीलाबी आत, जाजमावर. चांदपाशा बाहेर, ओट्यावर. पडद्याखालून एक तार यायची, आणि त्या तारेच्या टोकाशी मी. चांदपाशा कानांना हेडफोन लावून माझ्याजवळ बसायचे. आतल्या बायकांना शकीलाबी दिसायच्या, ऐकू यायच्या. नवऱ्याला मात्र बायकोचं गाणं ऐकायला मिळायचं ते माझ्या पोटातून. लोक म्हणायचे, पाशाभाईच्या साउंडवर बाई शेजारी बसून गातेय असं वाटतं. चांदपाशा तेव्हा मला फडक्यानं पुसायचे. मित्रांनो, असं कौतुक ज्याला मिळतं त्याला वाटू लागतं, की हा आवाज आता आपलाच. मलाही तसंच वाटू लागलं.

दिवस बदलले. लग्नांत डीजे आला. मेंदीच्या बैठकीत बायका गाण्याऐवजी मोबाईल लावू लागल्या. चांदपाशांनी भोंगे विकले आणि दुकानात स्पीकर दुरुस्तीचं काम सुरू केलं. मी घरातल्या फळीवर गेलो. माझ्यावर फाटलेल्या स्पीकरचे कागद आले, जुने चार्जर आले, धूळ आली. एका उन्हाळ्यात पालीनं माझ्या पोटात अंडी घातली. शकीलाबी भाकरी थापताना गुणगुणायच्या ते मला फळीवर ऐकू यायचं. ते कुठल्याच तारेतून जात नव्हतं. तरी मला वाईट वाटत नव्हतं, कारण दुसऱ्या कुणाकडेही ते जात नव्हतं.

मग शकीलाबींच्या गळ्यात गाठ निघाली.

घरात सगळे दखनी बोलतात, मी तुम्हाला आपल्या मराठीत सांगतो. त्यांची मुलगी नसरीन एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या कंपनीत तपासणीच्या खोलीत काम करते. तीच आईला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं, गाठ वाईट नाही, पण काढावी लागेल. आवाजाची नस तिच्या अगदी शेजारून जाते. बहुतेकांचा आवाज नीट राहतो. पण थोडा बदलू शकतो, वरचे सूर जाऊ शकतात, हेही आधीच समजून घ्या. ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं.

शकीलाबींना ऑपरेशनची फारशी भीती वाटली नाही. नसरीनला मात्र वेगळीच धास्ती बसली. आजीची गाणी आता अम्मीशिवाय कुणालाच येत नव्हती. हसनाबादच्या मावश्या वारल्या होत्या. त्यांच्या मुलींना एखादी ओळ यायची, पुढची नाही. नसरीननं ठरवलं, ऑपरेशनच्या आधी सगळी गाणी घरीच रेकॉर्ड करायची.

आधी तिनं मोबाईल समोर ठेवला. मोबाईलनं वरचा पंखा घेतला, गल्लीतली फटफटी घेतली, आणि अम्मीचा आवाज कधी जवळ आणला, कधी लांब ढकलला. तेव्हा तिनं कंपनीतली मैत्रीण मारिया हिला विचारलं. मारिया चर्चमध्ये गाते आणि तिथली गाणी रेकॉर्ड करण्याचं कामही तिच्याकडेच असतं. तिनं सांगितलं, की माईक तुमच्या अब्बांकडचा जुनाच घे. तो जवळचंच ऐकतो, म्हणून पत्र्याच्या घरात तोच बरा. फक्त माईक आणि लॅपटॉप यांच्यामध्ये एक चांगला प्रीॲम्प पाहिजे.

हे बोलणं आमच्या घरातच चाललं होतं, माझ्या फळीखाली. मित्रांनो, माझा पत्रा शहारला असेल तर तेव्हाच.

चांदपाशा ताडकन उठले. त्यांनी स्पीकरचे कागद बाजूला सारले, मला खाली काढलं, धूळ फुंकली. घरात हे असताना बाहेरचं कशाला, एवढंच ते म्हणाले. नंतर त्यांनी मला उघडलं, पालीच्या अंड्यांची टरफलं ब्रशनं काढली, सुकलेले कंडेन्सर बदलले, सुटलेले डाखाचे टाके पुन्हा घातले. दुकान बंद ठेवून ते माझ्यापाशी बसले. मला पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं.

माझ्यातून शकीलाबी गायल्या. पण आता त्यांचा आवाज पूर्वीपेक्षाही नाजूक झाला होता. गाठीमुळे जोर लावता येत नव्हता. माझं बटण शेवटापर्यंत फिरवावं लागलं, आणि बटण तिथवर गेलं की माझ्या पोटातून घूं असा आवाज निघू लागला. मागून पावसाळी किड्यांसारखी सरसर. नसरीननं हेडफोन कानांवर घट्ट दाबले आणि हळूच म्हणाली, घूं ऐकू येतंय. चांदपाशा म्हणाले, "ते तर राहतंच. एवढे दिवस कुणाला खुपलं न्हाई."

नसरीन वाद घालत बसली नाही. तिनं मारियाला सोबत घेतलं आणि बाहेर शोध सुरू केला. पहिल्यांदा ऑनलाइन मागवलेला एक स्वस्त डबा आला. त्याच्यावर निळे दिवे चमचम करायचे. त्याच्यातून शकीलाबी भजी तळता तळता गातायत असं वाटायचं. तो परत गेला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. मग एका दुकानदारानं भरपूर बटणांचा भलामोठा मिक्सर दाखवला. घेणार असाल तर हाच घ्या, पुढं कामाला येईल, म्हणाला. नसरीनचं मनही डळमळलं. पण मारियानं तिला बाहेर नेलं.

"आपल्याला एकच गळा घ्यायचाय," ती म्हणाली. "धा गळके नळ घेऊन काय करती? एकच घे, पण बिनगळका घे. बटण पूर्ण फिरवून बघायचं, आणि कुणी बोलत नसताना ऐकायचं. गप बसल्यावर जो गप राह्यतो, तो चांगला."

तशीच दोघींनी परीक्षा घेतली आणि नसरीननं आपल्या पगारातून एक छोटा करडा डबा आणला. त्याला माईकसाठी एक जागा, बाजूला आणखी एक साधी जागा, दोन-तीन बटणं. नक्षी नाही, दिवे नाहीत. तांदळाच्या मापट्याएवढा. लॅपटॉपला तार लावली की तिच्यातूनच त्याला वीज मिळायची.

मित्रांनो, त्याला पाहिल्यावर माझं जे झालं ते मी लपवणार नाही. माझा नुसता जळफळाट झाला. त्याला कुणी हातानं घडवलं नव्हतं. शकीलाबींचं नावही त्याला ठाऊक नव्हतं. पडद्याबाहेर ताटकळत बसणं काय असतं हे त्याला कुठून कळणार? आणि त्याला मिळणार तो गळा, ज्याच्यासाठी मी जन्मलो. मी फळीवरून त्याच्याकडे बघत मनात म्हणत राहिलो, याची तार तुटू दे. हा टेबलावरून पडू दे. याच्यातून काही बरं न निघो.

मी एकटाच जळत नव्हतो. चांदपाशा त्या डब्याला हातही लावत नव्हते. तो ज्या टेबलावर होता तिथं चहाचा कपसुद्धा ठेवत नव्हते. मारियानं आदरानं विचारलं, चाचा, बघता का जरा? तर म्हणाले, आम्ही जुनी माणसं, आम्हाला काय कळतं. आणि माझ्या बटणावर उगीचच बोट फिरवत राहिले.

पहिल्या दिवशी करड्या डब्याची फजिती झाली. नसरीननं त्याचं बटण माझ्या सवयीनं फार वर नेलं होतं. शकीलाबींनी वरचा सूर लावला आणि डब्यावर लाल ठिपका पेटला. आवाज फाटला. नसरीननं तो परत ऐकवला तेव्हा पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाजलं. चांदपाशांनी दारातून म्हटलं, "मी काय म्हणून राह्यलो होतो?" मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

तेवढ्यात शकीलाबींनी माईक बाजूला ठेवला. पदर गळ्यावर ओढून घेतला. त्यांना वाटलं, फाटला तो त्यांचाच गळा. राहू दे नसरीन, त्या म्हणाल्या, आता माझ्यात काही राहिलं नाही. नसरीन समजावू लागली, की चूक तिची आहे, बटणाची आहे. पण त्या ऐकेनात. चांदपाशा पुढं होऊन म्हणाले, मी माझा डबा जोडतो, त्याच्यात असं कधी झालं नाही.

शकीलाबींनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या सहसा कुणापुढं त्यांना उलट बोलत नसत.

"डबा ऐकायचाय का मला ऐकायचंय, ते एकदा ठरवा," त्या म्हणाल्या. "महिन्यानं मी असंच गाईन का न्हाई, माहीत न्हाई. तुम्ही डब्याडब्यांची कुस्ती लावून राह्यले."

चांदपाशा चपला घालून बाहेर गेले. शकीलाबी स्वयंपाकघरात गेल्या. मी फळीवर होतो, आणि माझ्या त्या उकळ्या केव्हाच थंड झाल्या होत्या. ज्या गळ्यासाठी मी जळत होतो, त्याच गळ्याला लाज वाटली होती, आणि मी त्यात आनंद मानला होता. तरीही खरं सांगतो, हेवा गेला नाही. तो फक्त कोपऱ्यात जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी नसरीननं शहाणपणा केला. अब्बा दुकानात असताना तिनं अम्मीला समजावून बसवलं. एकच गाणं माझ्यातून घेतलं, तेच गाणं करड्या डब्यातूनही घेतलं, या वेळी बटण खाली ठेवून. गाणं जात्यावरचं होतं, संथ, ओळी-ओळीत थांबणारं. संध्याकाळी चांदपाशा आले तेव्हा तिनं त्यांच्या कानांना हेडफोन लावले आणि कुठलं कशातलं हे न सांगता दोन्ही ऐकवली.

पहिलं ऐकताना चांदपाशांनी मान हलवली. दुसरं सुरू झालं आणि त्यांची मान थांबली. ते डोळे मिटून ऐकत राहिले. गाणं संपलं तरी त्यांनी हेडफोन काढले नाहीत. मग म्हणाले, "हा. हा माझा डबा. मला माझ्या हाताची पारख हाय."

नसरीननं करड्या डब्यावर बोट ठेवलं. दुसरं गाणं त्याच्यातून घेतलेलं होतं.

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, माझ्या पोटातली तार कुणी उलटी ओढून काढतंय. परक्यानं नाकारलं असतं तर सोसलं असतं. ज्यानं मला पत्र्यातून माणसात आणलं, त्यानंच त्याचं नाव घेतलं होतं.

चांदपाशांनी ते दुसरं गाणं पुन्हा लावायला सांगितलं. एका जागी बोट वर करून थांबायची खूण केली आणि म्हणाले, "इथं ती श्वास घेते. ऐकलं का? दोन ओळींच्या मधी. एवढी वर्षं मी पडद्याबाहेर बसून ऐकलं, पण हा श्वास मला कधी ऐकूच आल्ता न्हाई."

तो श्वास माझ्याच घूंमध्ये बुडाला होता. मी वर्षानुवर्षं शकीलाबींचा आवाज त्यांना दिला, आणि श्वास माझ्यापाशी ठेवून घेतला. मुद्दाम नाही. मला तेवढंच जमत होतं.

त्या संध्याकाळपासून चांदपाशा बदलले. त्यांनीच करड्या डब्याचं टेबल भिंतीपासून ओढलं. घरातल्या रजया दोरीवर टांगून कोपऱ्यात आडोसा केला, म्हणजे आवाज पत्र्यावर आपटून परत येऊ नये. पंखा बंद केला. माईक शकीलाबींच्या तोंडासमोर धरण्याऐवजी जरा तिरका लावला, म्हणजे श्वास यावा पण फुंकर येऊ नये. आयुष्यभराची कला त्यांनी त्या मापट्याएवढ्या डब्याच्या हवाली केली. गल्लीत फेरीवाला आला की ते बाहेर जाऊन त्याला हात जोडायचे. तोही थोडा वेळ ओरडणं थांबवून ओट्यावर बसायचा.

सगळी गाणी झाली. मधेच एखादी ओळ अडली की शकीलाबी डोळे मिटून थांबायच्या, आणि आईची आठवण काढत काढत ओळ परत यायची. विहीणबाईचं गाणं गाताना त्या इतक्या हसल्या की ते हसूही नसरीननं राहू दिलं. मी सगळं फळीवरून ऐकलं. प्रत्येक गाण्याला मला वाटायचं, हे तरी मला द्या. कुणी दिलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. गाठ निघाली. शकीलाबी घरी आल्या आणि काही आठवड्यांत बोलूही लागल्या. पण आवाज जाडसर झाला होता, आणि वरच्या सुरावर चढायला गेलं की मधेच नुसता वारा निघायचा. डॉक्टर म्हणाले, हळूहळू थोडा सुधारेल. शकीलाबींनी एक-दोनदा प्रयत्न केला, मग सोडून दिला. एका दुपारी नसरीननं त्यांना त्यांचीच गाणी ऐकवली. त्या भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, ही बाई चांगली गाते. आणि नसरीनला जवळ घेऊन, ओळीओळीनं, जाड आवाजात ती गाणी शिकवू लागल्या.

नसरीनचा गळा आईसारखा नाही. तो खणखणीत आहे. पण तिनं गाणी धरली. ती गाऊ लागली तशा शकीलाबी शेजारी बसून ढोलक वाजवू लागल्या. गळ्यानं साथ सोडली होती, हातांनी नाही. आता नसरीनला गाणं आणि ढोलक दोन्ही एकाच वेळी रेकॉर्ड करायचं होतं. करड्या डब्यात माईकची जागा एकच. तिनं मारियाला विचारलं, दुसरा घ्यावा लागेल का? मारियानं डब्याच्या बाजूची दुसरी जागा दाखवली. इथं नुसता माईक चालत नाही, ती म्हणाली, आधीच मोठा केलेला आवाज लागतो. म्हणजे याच्या आधी आणखी एक प्रीॲम्प पाहिजे.

चांदपाशांनी कुणाकडे पाहिलं नाही. ते फळीपाशी आले आणि त्यांनी मला उतरवलं.

ढोलकाचा आवाज मुळातच मोठा. माझं बटण जरासंच फिरवावं लागलं, आणि एवढ्या कमीवर माझी घूं झोपूनच राहते. शकीलाबींच्या हाताची थाप माझ्या पोटात आली. मी ती उचलली आणि माझ्या तारेतून पुढं दिली. कुणाला, ते तुम्ही ओळखलंच असेल. करड्या डब्याला. आता आम्ही एकाच टेबलावर बसतो. नसरीन त्याच्यातून गाते, तिची आई माझ्यातून वाजवते, आणि माझं सगळं शेवटी त्याच्याच पोटात जातं. तो अजूनही काही बोलत नाही. गप्प राहण्यात तो माझ्यापेक्षा फारच हुशार आहे, आणि हे म्हणताना अजूनही माझा पत्रा थोडा तापतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंवर निदान एक फडकं टाकून ठेवा. वर्षातून एकदा तरी उघडून बघा, पाली आत शिरू देऊ नका. आमच्याकडून आमच्याच्यानं होईल तेवढंच काम घ्या, आणि जे होत नाही त्यासाठी रागावू नका.

आणि तुमच्या घरात भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना कुणी गुणगुणत असेल, तर त्याला आजच समोर बसवा. त्याचं गाणं घ्या, त्याचा श्वासही घ्या. त्यासाठी डबा महागच पाहिजे असं काही नाही. मात्र घेताना दिवे बघू नका, कान लावा. माझ्यापेक्षा चांगला मिळाला तर तोच घ्या. मला वाईट वाटेल. ते वाटू द्या.